नावाडीण आम्हाला ओळखेना

माझं आणि माझ्या नवऱ्याचं पहिलं मोठं भांडण कशावरून झालं हे सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, आता खरं सांगा. मी खरंच सांगत असते. ते भांडण माहेरी जाण्यावरून झालं नाही, देण्याघेण्यावरून झालं नाही, आमटीत मीठ कमी पडल्यावरून तर नाहीच नाही. ते एका कॉम्प्युटर गेमवरून झालं. त्यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी इंदापूरची. वडील तहसील कचेरीत कारकून होते आणि आमचं घर एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. बी.ए. झालं, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि मी बारामतीला आले. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायचा. भिगवण रस्त्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्यांचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू मुलखातलं. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून घाटाखाली कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढे त्यांचे भाऊ शेतीला लागले, एक पोलिसात गेला, मेंढरं संपली. पण आत्यांना एका जागी बसून राहणं कधी जमलं नाही. जेवण झालं की त्या दारातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून दारापर्यंत उगाच फेऱ्या मारायच्या.

नवरा कारखान्याबाहेरचीही कामं घ्यायचा, म्हणून घरात कॉम्प्युटर होता. आमच्या कॉलनीत तो एकच. त्याच्यावर आत्यांनी स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. बाहेरच्या कामांची बिलं मी टाइप करायचे, त्यामुळे तो चालू-बंद कसा करायचा हे मला नवऱ्यानेच शिकवलेलं होतं.

कारखान्याला सुट्टी गुरुवारी असायची. त्याच दिवशी बारामतीचा बाजार. मी आणि आत्या बाजार करून यायचो तोवर नवऱ्याचे तीन मित्र येऊन कॉटवर बसलेले असायचे. त्यातला एक उंच, मोटारसायकलवाला. त्याची बहीण पुण्यात दिलेली, त्यामुळे तो सारखा पुण्याला जायचा आणि येताना नव्या सीडी आणायचा. एका गुरुवारी त्याने तो गेम आणला. आपण एका माणसाचं सोंग घ्यायचं, त्याच्या डोळ्यांनी परक्या मुलखात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, काय करायचं ते आपण ठरवायचं आणि जे होईल ते निस्तरायचं, अशा जातीचा गेम.

चहा देताना मी उभी राहून बघायचे. पडद्यावर कुणी माणूस भेटला की खाली त्याचं बोलणं उमटायचं, इंग्रजीत, चांगलं पाच-सहा ओळींचं. नवरा ते वाचायच्या आधीच बटण दाबायचा. परत उमटलं की परत दाबायचा.

मी एकदा विचारलं, “काय म्हणत होता तो?”

“काही नाही गं, बडबड असते. पुढं मारामारी आहे.”

मला ते पटलं नाही. एखाद्याने एवढं लिहून ठेवलंय ते उगाच कसं असेल? दुसऱ्या दिवशी दुपारी बिलं टाइप करून झाल्यावर मी तो गेम लावला, माझ्यासाठी वेगळा, पहिल्यापासून. सुरुवातीलाच बाई की पुरुष ते विचारतात. मी बाई घेतली. कॉलेजात वापरलेली डिक्शनरी मांडीवर ठेवली आणि एकेक ओळ वाचायला बसले.

मिठागरांचा मुलूख होता तो. मधून एक मोठी नदी. आपण बऱ्याच वर्षांनी गावी परत येतो तर गाव रिकामं. माणसं कुठं गेली, का गेली, ते शोधत निघायचं. नदीच्या घाटावर एक म्हातारी नावाडीण बसलेली असते. ती लगेच होडीत घेत नाही. आधी विचारते, पलीकडे कशाला जातेस? आपण उत्तर द्यायचं. मी खरं उत्तर दिलं तेव्हा ती म्हणाली, मग मीही येते, माझंही तिकडं कुणीतरी आहे. तिथून ती आमच्यासोबत चालायला लागली.

आमच्यासोबत म्हणते, कारण तोवर आत्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात हरभऱ्याची डाळ निवडायचं ताट.

“ही कोण?”

“नावाडीण आहे, आत्या.”

“काय म्हणती?”

मी मराठीत सांगितलं. आत्यांनी ताट खाली ठेवलं आणि स्टूल ओढून घेतलं. त्या दिवसापासून त्यांच्या दारातल्या फेऱ्या बंद झाल्या. भांडी आवरली की स्वतःच कॉम्प्युटरचं झाकण काढून घडी घालून ठेवायच्या आणि म्हणायच्या, “काल कुठवर गेल्तो आपण?”

त्या नावाडिणीला सगळं आठवायचं. एका रिकाम्या घरातून मी भाकरी उचलली तर ती पुढच्या दोन गावांपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी एका म्हाताऱ्याशी खोटं बोलले तर रात्री शेकोटीपाशी तिने ते काढलं. मध्येच ती आपल्या भावाबद्दल सांगायची, पण सगळं एकदम नाही. आपण नीट वागलो की थोडं आणखी.

एका गावात विहिरीला कुलूप होतं आणि पहारेकरी बसवलेला. गावातले लोक पाण्यावाचून तळमळत होते. नवऱ्याने गुरुवारी त्या पहारेकऱ्याला बघताबघता मारला होता आणि कुलूप तोडून पुढे गेला होता. माझाही हात तलवारीकडे चालला होता, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, “थांब की. आदी इचार त्याला, कुणाच्या सांगण्यावरनं बसलाय हितं. बिचारा पोटासाठी बसला आसंल.”

विचारता येत होतं. एकातून एक प्रश्न निघत गेले. त्याला बरेच दिवस कुणी जेवायला विचारलेलं नव्हतं. त्याचा मालक पळून गेला होता आणि त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने स्वतः कुलूप काढलं. आणि नावाडिणीचा भाऊ शेवटचा कुणी पाहिला, तर त्याच पहारेकऱ्याने. ते कळल्यावर ती विहिरीच्या काठावर नुसती बसून राहिली. पुढे चल म्हटलं तरी उठेना. आत्या म्हणाल्या, “बसू दे जरा तिला.” आम्ही त्या दुपारी गेम बंदच केला.

असं करत करत हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गेला. शेवटी नदी समुद्राला मिळते तिथं नावाडीण आपल्याला सोडते. आम्ही वाटेत जे जे केलं होतं त्यातलं एकेक ती आठवून बोलते, आणि मग होडी वळवते. आत्यांनी पदर डोळ्याला लावला. “आता परत कवा यील ही?” मी म्हटलं, दुसरा भाग येणार आहे. उंच मित्राकडे येणाऱ्या कॉम्प्युटरच्या मासिकात तसं छापून आलं होतं.

वर्षभराहून जास्त वाट पाहिली आम्ही. नवऱ्यालाही तेवढीच उत्सुकता होती. मासिकात चित्रं यायची, ती तो मला दाखवायचा. नदीचं पाणी कसं खरं वाटतं बघ, आग कशी दिसते बघ. मी विचारायचे, नावाडीण आहे का? तो म्हणायचा, असेल की.

दुसरा भाग आला आणि बारामतीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या पोरांपासून कारखान्यातल्या साहेबांच्या मुलापर्यंत सगळे त्याच्यामागे लागले. मासिकाने त्याला डोक्यावर घेतलं. गुरुवारी चौघे सकाळी बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. मी मुद्दाम बघितलं नाही. आम्हाला आमचं पहिल्यापासून बघायचं होतं. शुक्रवारी भांडी आवरली आणि आम्ही दोघी बसलो.

पाणी खरंच खरं वाटत होतं. ते मी कबूल करते. पण भेटेल तो माणूस एकच वाक्य बोलायचा. अमक्याला मार, तमुक आणून दे. त्याला परत विचारलं तर तेच वाक्य. पहिल्या भागात आपण गावागावातून माणसं शोधत हिंडलो होतो; इथे माणसं ढीगभर होती आणि कुणाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आम्ही धीर धरला. आत्या म्हणाल्या, “ती भेटली म्हंजी हुईल नीट.” कितीतरी दुपारी आम्ही तिलाच शोधत होतो.

आणि एका मोठ्या शहराच्या बाजारात ती दिसली. तोच चेहरा, तीच डोक्याला बांधलेली निळी चिंधी. एका दुकानात गल्ल्यामागे उभी. आत्या स्टुलावरून उठल्याच. “हीच की! हितं काय करती?”

मी तिच्यावर क्लिक केलं. ती म्हणाली, “काय हवंय?” आणि खाली यादी आली. तलवार, औषधाची बाटली, दोर, ढाल.

मी परत क्लिक केलं. “काय हवंय?” दुकानाबाहेर जाऊन परत आले. रात्र होऊ दिली, सकाळ होऊ दिली. तिच्यासमोर एकाला मारून बघितलं, काहीतरी बोलेल म्हणून. “काय हवंय?”

“वळख न्हाय दिली तिनं?” आत्यांनी विचारलं.

“नाही.”

“आगं मग इचार की तिला नदीचं. भावाचं इचार.”

“विचारायची सोयच नाही ठेवलेली, आत्या. काही घ्यायचं, नाहीतर निघायचं.”

आत्यांनी स्टूल भिंतीला सरकवलं. मग म्हणाल्या, “आसं कसं गं केलं तिचं. बंद कर.” आणि दारात जाऊन फेऱ्या मारायला लागल्या.

मी बंद केला नाही. मला ठाऊक होतं, मी तो अर्धवट सोडला असता तर सगळे म्हणाले असते, जमलं नाही म्हणून नावं ठेवते. म्हणून मी तो दात-ओठ खाऊन शेवटपर्यंत खेळले. जे मारायला सांगितलं ते मारलं. राक्षस मारले, सरदार मारले, शेवटी एका किल्ल्यात डोंगराएवढं जनावर होतं, तेही मारलं. राजा सिंहासनावरून उठून दोन ओळी शाबासकी देतो आणि गेम करणाऱ्यांची नावं वर सरकायला लागतात. नवऱ्याची चौकडी अजून त्या किल्ल्याच्या दारातच अडकलेली होती.

पुढच्या गुरुवारी मी पोहे घेऊन गेले तेव्हा उंच मित्र हसत म्हणाला, “वहिनी, दुसरा भाग काय हातात घेतला नाही वाटतं? अवघड आहे जरा.”

“संपवला,” मी म्हटलं.

नवऱ्याने मान वळवली. “संपवला? कधी?”

“मंगळवारी.”

 मग उंच मित्र म्हणाला, “मग? एक नंबर आहे ना?”

“भिकार आहे.”

मला हळू बोलता आलं असतं. बरा आहे, पण पहिल्याची सर नाही, असं म्हणता आलं असतं. पण वर्षभर वाट बघितलेली होती मी, आणि आत्यांचा उतरलेला चेहरा माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हता. मला जे वाटलं ते मी म्हणाले.

“अहो वहिनी, ग्राफिक्स बघा!”

“बघितले. छान आहेत. पण त्या छान पाण्याच्या काठावर बोलायला कुणी नाही.”

“बायकांना मारामारी आवडत नाही, त्यामुळे तसं वाटतं,” दुसरा मित्र म्हणाला. तो मितभाषी होता, पण हे मात्र त्याला सुचलं.

“तुम्ही अडकलाय त्या किल्ल्यातलं जनावर मी मारून आले,” मी म्हटलं. “त्याच्या पोटाखाली शिरायचं. हवं तर करून दाखवते. मला एवढंच सांगा, पहिल्या भागातली नावाडीण आठवते?”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

“ती होडीवाली?” उंच मित्र म्हणाला.

“तीच. तिच्या भावाचं काय झालं?”

“तिला भाऊ होता?”

मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या. “तुम्ही पहिला भाग खेळलाच नाही,” मी म्हटलं, “म्हणून तुम्हाला दुसरा आवडला.” आणि आत गेले.

मित्र गेल्यावर नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो एरवी चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हे.

“चार माणसांत माझी किंमत घालवलीस तू.”

“मी गेमला भिकार म्हटलं. तुम्हाला नाही.”

“जगातले एवढे लोक खेळतात. सगळे मूर्ख आहेत आणि तू एकटी शहाणी?”

“त्यांना आवडला तर आवडू दे. मला नाही आवडला. मला ते म्हणायची पण चोरी आहे का?”

“अगं पण गेम आहे तो! खोटी बाई आहे ती. कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र.”

“पहिल्या भागात पण चित्रच होतं. पण त्या चित्राला कुणीतरी मन लावून बोलायला शिकवलं होतं. दुसऱ्या भागात त्यांनी तिला दुकानात बसवली, कारण त्यांना वाटलं तुमच्यासारखे लोक दाबून पुढंच जाणार आहेत. आणि बरोबरच वाटलं त्यांना.”

हे त्याला लागलं. तो म्हणाला, “उद्यापासून दुपारी कॉम्प्युटर लावायचा नाही.”

“बरं,” मी म्हटलं. “मग बिलंही तुमची तुम्हीच टाइप करा.”

पलीकडच्या खोलीतून आत्यांचा आवाज आला, “पोरगी म्हणती ते खरं हाय. मीबी हुते तितं.” पण तोवर नवरा चपला घालून बाहेर पडला होता.

नागपंचमी जवळ आली होती. मी पिशवी भरली आणि इंदापूरची एसटी धरली. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात नवऱ्याला आणखी चार उत्तरं देत होते. निमगावला खिडकीतून पेरू घेतले आणि रागारागात सगळे खाल्ले.

वडिलांना मी आबा म्हणायचे. त्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हतं, कारण कचेरीत तेव्हा एकच आला होता आणि तो साहेबांच्या खोलीत असायचा. तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नावाडीण, विहीर, पहारेकरी, दुकान. मध्ये एकदाच विचारलं, “म्हंजी पयल्या टायमाला दिलं एक आणि दुसऱ्या टायमाला त्याच नावावर दुसरंच खपवलं?”

“हो, आबा.”

“मग तक्रार हाय ही. तोंडी काय करत बसलीस? तोंडी तक्रारीला कोण इचारत न्हाय. लिहून दे.”

मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले. त्या मासिकात वाचकांच्या पत्रांचं पान असायचं. इंग्रजीत लिहिलं, डिक्शनरी उघडून. पहिल्या भागाबद्दल लिहिलं, मी आणि माझ्या सासूबाई रोज दुपारी कशा बसायचो ते लिहिलं, दुकानातल्या नावाडिणीबद्दल लिहिलं. शेवटी लिहिलं की गर्दी जमली म्हणून आपण चांगलं काम केलं असं या लोकांनी समजू नये.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे नेलं. कडुलिंबाखाली टेबल टाकून तो प्रतिज्ञापत्रं आणि अर्ज टाइप करायचा. त्याने कागद घालत विचारलं, “कुणाविरुद्ध हाय?” आबा म्हणाले, “खेळाविरुद्ध.” त्याने मान हलवली आणि मी नको नको म्हणत असताना वर ‘माननीय महोदय, नम्र निवेदन’ अशा अर्थाचं इंग्रजी ठोकून दिलं. तसंच पोस्टात टाकलं.

बारामतीला परतले तेव्हा नवऱ्याने स्वतः टाइप केलेली बिलं टेबलावर पडली होती. एका गिऱ्हाइकाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं.  सकाळी त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढून ठेवलं आणि कामावर गेला. दुपारी मी बिलं नीट केली. मग आत्या आणि मी पहिला भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला.

पत्राचं मी विसरूनही गेले होते. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी उंच मित्र मासिक नाचवत आला. “अरे, बारामतीच्या कुणाचं तरी पत्र छापून आलंय! आणि आडनाव तुझंच की!”

नवऱ्याने वाचलं. माझ्या नावाचं आद्याक्षर, आमचं आडनाव, गाव बारामती. आणि त्याच्या आधी ‘मिस्टर’. त्याने माझ्याकडे बघितलं.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

मी त्याच्या हातातून मासिक घेतलं. माझं निम्मं पत्र कापलं होतं, ते एक वेळ चाललं असतं. पण जिथे मी ‘मी आणि माझ्या सासूबाई’ असं लिहिलं होतं तिथे ‘मी आणि माझा मित्र’ असं केलं होतं. मी ते आत्यांना सांगितलं. त्यांना आधी कळेना. मग म्हणाल्या, “म्हंजी मी न्हायच हुते?”

पुढच्या अंकात माझ्यावर टीकेची पत्रं आली. या गृहस्थांनी लुडो खेळावा, असं एकाने लिहिलं होतं. मी त्या रात्री जेवले नाही असं काही झालं नाही. मी व्यवस्थित जेवले आणि दुसरं पत्र लिहिलं: मी गृहस्थ नाही, बाई आहे, माझ्यासोबत होत्या त्या माझ्या सासूबाई होत्या, आणि गेमबद्दलचा माझा एक शब्दही मी मागे घेत नाही. ते छापलं नाही. मी तिसरं पाठवलं. तेही नाही.

तेव्हा जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. एका संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला, चहा न घेता म्हणाला, “चल जरा,” आणि मला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपाशी घेऊन गेला. मासिकात मुंबईचा नंबर होता. तो काचेच्या आत उभा राहिला, मी दाराच्या फटीशी. आधी त्याने इंग्रजीत सुरुवात केली, मग हिंदीत आला, आणि पलीकडचा माणूस मराठी निघाल्यावर सुटलाच.

“नाही हो, मिस्टर नाही. मिसेस. माझी बायको आहे ती… नाही नाही, मी नाही लिहिलं, तिने लिहिलं… अहो मला गेम आवडला! मला फार आवडला, दुसरा पहिल्यापेक्षा जास्त आवडला, प्रश्न तो नाही. प्रश्न असा आहे की तुम्ही माझ्या आईचा मित्र केलात.”

बूथवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मुंबईकरांनी बघतो म्हटलं. पुढच्या अंकात काही आलं नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. कुठल्याही अंकात ते दुरुस्त झालं नाही. घरी येताना नवरा म्हणाला, “गेम चांगलाच आहे, हे लक्षात ठेव.” मी म्हटलं, “भिकार आहे.” पण दुसऱ्या दिवसापासून तो गुरुवारी बटण दाबायच्या आधी निदान एक ओळ वाचायला लागला. मित्र ओरडायचे त्याच्यावर.

जानेवारीत, गुरुवार नसताना, एका दुपारी दारात उंच मित्राची बायको उभी होती. कडेवर मूल. आमची ओळख हळदी-कुंकवापुरती. ती चप्पल काढत म्हणाली, “आमचे हे घरी सांगत होते, तुम्ही मुंबईच्या मासिकाशी भांडलात. एवढं काय आहे त्यात, मला दाखवा.”

आत्यांनी तिचं मूल घेतलं आणि तिला स्टुलावर बसवलं. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते. तिने बाई न घेता पुरुष घेतला. मी विचारलं, का? “घरी बाईच असते मी,” ती म्हणाली. आणि पहिल्याच गावात, पहिल्याच घरात शिरून तिने चुलीवरची भाकरी, कोनाड्यातला कंदील आणि खुंटीवरची घोंगडी, सगळं उचललं.

“आगं आगं, चोरी हाय ती,” आत्या म्हणाल्या. “लोक बोलायचं न्हाईत तुझ्याशी.”

“नाही बोलले तर नाही बोलले. गाव रिकामं आहे ना? मग कुणाचं आहे ते?”

“आगं पन ते परत आलं तर?”

“आले तर देईन. पण थंडी आत्ता आहे.”

आत्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी निवाडा करावा म्हणून. तेवढ्यात लाइट गेली. दुपारची नेहमीची भारनियमनाची वेळ. आम्ही तिघी बाहेर पायरीवर येऊन बसलो. मूल आत्यांच्या मांडीवर झोपलं होतं. घोंगडीचा वाद काही मिटला नव्हता. आत्या त्यांच्या लहानपणीचं सांगायला लागल्या, घाट उतरताना एका रिकाम्या झोपडीत त्यांच्या बापाने सबंध बिऱ्हाड कसं मुक्कामाला ठेवलं होतं आणि निघताना चुलीपाशी मीठ-मिरची कशी ठेवून आले होते. “मग तुम्ही पण घुसलाच की,” ती म्हणाली. आत्या चिडल्या. “घुसलो न्हाय, राह्यलो!”

मी म्हटलं, लाइट आली की तू तुला हवं तसंच खेळ, आम्ही मध्ये बोलणार नाही. आत्या म्हणाल्या, “मी बोलनार.”